जॉन डिंगेल : ५९ वर्षं खासदार. एवढं टिकणं लोकशाहीला बरं की वाईट?

आडवाट

नमस्कार मंडळी,

मी २४ वर्षं मिशिगनमध्ये आहे, डिअरबॉर्नला. घरापासून फोर्डचा रूज कारखाना गाडीने दहा मिनिटांवर. नवीन आलो तेव्हा कामावरच्या एका वयस्कर सहकाऱ्याला विचारलं, "आपला इथला खासदार कोण?" तो म्हणाला, "डिंगेल." "किती वर्षं झाली?" तर म्हणाला, "माझ्या वडिलांनी मत दिलं ते डिंगेलला, आणि आजोबांनी दिलं ते डिंगेलच्या वडिलांना." मला वाटलं गंमत करतोय. घरी येऊन शोधलं तर खरंच तसं निघालं.

जॉन डिंगेल १३ डिसेंबर १९५५ ला पोटनिवडणुकीत निवडून आले तेव्हा २९ वर्षांचे होते. ३ जानेवारी २०१५ ला निवृत्त झाले तेव्हा ८८ वर्षांचे. अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये एवढा काळ आजवर दुसरं कोणीही बसलेलं नाही. आयझेनहॉवरपासून ओबामांपर्यंत अकरा राष्ट्राध्यक्ष त्यांनी तिथून पाहिले.

मला मात्र आकड्यापेक्षा एक वेगळीच गोष्ट मोठी वाटते. त्यांचे वडीलही खासदार होते. त्यांनी १९४३ मध्ये दोन सिनेटरांच्या जोडीने सगळ्यांना आरोग्य विमा देणारं विधेयक आणलं. ते पडलं. वडील १९५५ मध्ये गेले, मुलगा त्यांच्या जागी आला आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या काँग्रेसच्या सुरुवातीला त्याने सर्वांसाठी आरोग्य विम्याचं विधेयक पुन्हा मांडलं. दर दोन वर्षांनी. ते मंजूर होणार नाही हे माहीत असूनही. १९६५ मध्ये म्हाताऱ्या माणसांसाठीचं मेडिकेअर प्रतिनिधीगृहात मंजूर झालं तेव्हा अध्यक्षांच्या आसनावर डिंगेल होते. तो लाकडी हातोडा त्यांनी जपून ठेवला. ४५ वर्षांनी, मार्च २०१० मध्ये, ओबामांचा आरोग्य कायदा मतदानाला आला तेव्हा तोच हातोडा त्यांनी प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या अध्यक्ष नॅन्सी पेलोसींच्या हातात दिला.

२०१२ मध्ये मला नागरिकत्व मिळालं. शाळेच्या व्यायामशाळेत रांगेत उभा राहून मतपत्रिकेवर काळ्या पेनाने जे पहिले गोल भरले, त्यांतला एक डिंगेल यांच्या नावासमोरचा होता. ती त्यांची शेवटची निवडणूक ठरली.

माझं मत सांगतो. काही कामं एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांत मावत नाहीत. ती करायला कोणीतरी जागा न सोडता बसून राहावं लागतं. पण एकाच माणसाने, एकाच घराने, एवढी वर्षं बसावं का? तुम्हाला काय वाटतं?

गावकरी

"काँग्रेसमध्ये ५९ वर्षं" वाचून क्षणभर वाटलं आपल्याकडचे कोणी जुने निष्ठावंत असतील :)

लेख वाचताना सांगोल्याचे गणपतराव देशमुख आठवले. १९६२ पासून ११ वेळा आमदार, तेही शेकापचे. आमचे आजोबा सांगायचे, आबासाहेब एसटीतून उतरून सरळ कामाला लागायचे. अशा माणसाला "आता पुरे" कोण म्हणेल?

राजाभाऊ

मी म्हणेन.

गणपतरावांचं सोडा, ते दोनदा पडलेही, १९७२ ला आणि १९९५ ला. लोकांनी घरी बसवलं आणि परत बोलावलं. डिंगेल घराण्याचं तसं नाही. वडील १९३३ ला खासदार झाले. ते गेल्यावर मुलगा. मुलगा निवृत्त झाल्यावर त्याची बायको, डेबी डिंगेल, २०१५ पासून. ९० वर्षं उलटून गेली, आडनाव बदललेलं नाही. हेच आपल्या एखाद्या तालुक्यात घडलं तर आपण घराणेशाही म्हणून बोंब मारतो. अमेरिकेत घडलं की "सेवेची परंपरा"?

हातोड्याची गोष्ट मनाला भिडते, नाकारत नाही. पण त्या ५९ वर्षांत त्या भागातली किती हुशार माणसं उभीच राहिली नसतील याचा हिशोब कोणी मांडलेला नाही.

शेंगदाणा_चटणी

राजाभाऊंशी सहमत. तसंही सांगोल्यात २०२४ ला आबासाहेबांचे नातूच निवडून आले. रक्त बोलतंच.

जुना_डेट्रॉईटकर

मी इथे १९७८ ला आलो. तेव्हा डेट्रॉईटच्या मोटार कंपन्यांमध्ये मराठी इंजिनिअर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. गणपतीला कोणाच्या तरी तळघरात जमायचो. त्यामुळे डिंगेल यांची निम्म्याहून जास्त कारकीर्द मी डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून थोडं सविस्तर.

राजाभाऊ, प्रतिनिधीगृहाची मुदत दोन वर्षांची असते हे विसरू नका. म्हणजे पोटनिवडणूक धरून हा माणूस ३० वेळा लोकांपुढे गेला. आपल्याकडे ३० लोकसभा निवडणुका व्हायला दीडशे वर्षं लागतील. आणि आडवाट, तुमच्या "जागा न सोडता" या म्हणण्यात एक दुरुस्ती. जागा एक नव्हती. दर दहा वर्षांनी जनगणना होते, सीमा बदलतात, क्रमांक बदलतात. सुरुवातीला मतदारसंघ डेट्रॉईट शहराच्या पश्चिमेला होता, पोलिश कामगारांचा. त्यांचं घराणंही पोलिश. आजोबांचं मूळ आडनाव जेंग्लेविचसारखं काहीतरी लांबलचक, ते आखडून डिंगेल झालं. हळूहळू मतदारसंघ सरकत डाऊनरिव्हर (डेट्रॉईटच्या दक्षिणेची नदीकाठची उपनगरं), डिअरबॉर्न, मन्रो आणि शेवटी अ‍ॅन आर्बर विद्यापीठापर्यंत गेला. पोलिश गिरणगाव म्हणावं तिथून निघालेला माणूस अरब दुकानदारांचा आणि प्राध्यापकांचा खासदार झाला.

सीमा बदलल्यामुळे दोनदा त्यांना स्वतःच्याच पक्षातल्या दुसऱ्या खासदाराशी लढावं लागलं. पहिल्यांदा १९६४ ला, जॉन लेसिन्स्की यांच्याशी. त्याच वर्षी नागरी हक्क विधेयक आलं होतं. लेसिन्स्कींनी विरोधात मत दिलं, डिंगेलनी बाजूने. नव्या मतदारसंघात गोऱ्या कामगारांचा राग होता, शेजारी काळी कुटुंबं राहायला येतील म्हणून. डिंगेल पडतील असं अनेक जण धरून चालले होते. ते जिंकले. दुसऱ्यांदा २००२ ला लिन रिव्हर्सशी, तेव्हा पर्यावरणवाले आणि महिला संघटना रिव्हर्सच्या मागे होत्या. तेव्हाही जिंकले.

तेव्हा "कोणी उभंच राहिलं नाही" हे खरं नाही. राहिले, आणि चांगले तगडे राहिले.

आडवाट

काका, दुरुस्ती मान्य. लेसिन्स्कींचा संदर्भ मला माहीत नव्हता. १९६४ चं मत पद पणाला लावून दिलं होतं हे कळल्यावर माझा आदर वाढला.

स्वरूपा

धाग्याच्या विषयाला थोडा फाटा फोडते, पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

डिंगेल बारा वर्षांचे असताना, १९३८ मध्ये, प्रतिनिधीगृहात 'पेज' म्हणून लागले. म्हणजे सभासदांचे निरोप, कागद इकडून तिकडे पोचवणारी मुलं. ८ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी, रूझवेल्ट भाषणाला आले तेव्हा हा पंधरा वर्षांचा मुलगा सभागृहात होता. एका रेडिओ निवेदकाला ध्वनिमुद्रण करायची परवानगी दिली होती, पण फक्त राष्ट्राध्यक्षांच्या भाषणापुरती. भाषण संपताच यंत्र बंद करायला लावायचं, हे काम या मुलाकडे होतं. त्याने ते बंद करायला लावलंच नाही. म्हणून त्यानंतरची चर्चा आज आपल्याला ऐकायला मिळते. मोंटानाच्या जेनेट रँकिन युद्धाच्या विरोधात एकट्या उभ्या राहिल्या, त्यांना बोलू दिलं जात नव्हतं, ते सगळं त्यात आहे.

मी पुराभिलेखाचं काम करते. कपाटं उघडताना नेहमी वाटतं, कोणीतरी त्या दिवशी हात आवरला म्हणून हा कागद वाचला. ते ध्वनिमुद्रण मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. एका पोराने नियम पाळला नाही म्हणून इतिहासाचा आवाज उरला!

गावकरी

स्वरूपाताई, _/\_

अठराव्या वर्षी सैन्यातही गेले ना ते? जपानवर चढाई होणार होती त्या तुकड्यांत जायचे होते असं वाचलंय.

स्वरूपा

हो. अणुबॉम्बमुळे युद्ध संपलं आणि जाणं टळलं. ट्रूमननी आपला जीव वाचवला असं ते म्हणायचे. परत येऊन जॉर्जटाऊनला रसायनशास्त्र शिकले, मग कायदा. मध्ये उन्हाळ्यात वनरक्षकाचं कामही केलं.

पेशीवाली

इतकं कौतुक चाललंय म्हणून दुसरी बाजू मांडायला हवी. मी गेली पंधरा वर्षं प्रयोगशाळेत काम करते आणि आमच्या क्षेत्रात डिंगेल हे नाव घेतलं की जुनी माणसं अजूनही गप्प होतात.

१९८६ मध्ये रोगप्रतिकारशास्त्रावर एक शोधनिबंध आला. सहलेखकांत नोबेलविजेते डेव्हिड बाल्टिमोर आणि थेरेझा इमानिशी-कारी. एका तरुण संशोधिकेने आकड्यांवर शंका घेतली. प्रकरण डिंगेल यांच्या चौकशी उपसमितीपुढे गेलं. सुनावण्या झाल्या. इमानिशी-कारींच्या वह्या सीक्रेट सर्व्हिसच्या तज्ज्ञांकडे शाईच्या तपासणीला पाठवल्या! जी यंत्रणा खोट्या नोटा पकडते, ती एका प्रयोगशाळेच्या वह्या तपासत होती. बाईंची जवळजवळ दहा वर्षं त्यात गेली. बाल्टिमोरना रॉकफेलर विद्यापीठाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. आणि १९९६ मध्ये अपील मंडळाने इमानिशी-कारींना निर्दोष ठरवलं.

शंका घेणाऱ्या तरुण मुलीला संरक्षण मिळायलाच हवं होतं, त्याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. मी स्वतः विद्यार्थिनी असताना एका वरिष्ठांच्या आकड्यांबद्दल बोलायला घाबरले होते, ती बोच अजून आहे. पण खासदाराने कॅमेऱ्यांसमोर विज्ञानाचा निकाल लावायचा नसतो. टेबलावर वही उघडी ठेवून, प्रयोग पुन्हा करून तो लागतो. समितीच्या प्रमुखपदी एकच माणूस १४ वर्षं बसला की त्याला थांबवणारं कोणी उरत नाही. आडवाट, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे.

राजाभाऊ

+१००. हेच म्हणत होतो मी.

औषधवाला

पेशीवालीताईंचं दुःख समजतं. पण त्याच उपसमितीची दुसरी गोष्ट माझ्या रोजच्या टेबलावर आहे, ती सांगतो.

मी मुंबईत एका औषध कंपनीत नियामक विभागात आहे. अमेरिकेत जेनेरिक औषध विकायचं असेल तर एएनडीए नावाचा अर्ज करावा लागतो. त्याच्या मॉड्यूल १ मध्ये एक छोटंसं पान असतं, डिबारमेंट सर्टिफिकेशन. चारपाच ओळींचं. आम्ही लिहून देतो की या अर्जाच्या कामात बंदी घातलेल्या कोणाही माणसाची मदत घेतलेली नाही आणि घेणार नाही. खाली सही. हे पान नसेल तर अर्ज अपुरा.

नवीन मुलं विचारतात, "सर, हे कशाला?" तेव्हा मी त्यांना १९८० च्या दशकाच्या शेवटची हकीकत सांगतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनातले काही अधिकारी जेनेरिक कंपन्यांकडून लाच घेऊन कोणाची फाईल पुढे सरकवायची ते ठरवत होते. एका कंपनीची फाईल अडकत राहिली तेव्हा तिने खासगी गुप्तहेर लावले आणि मिळालेले पुरावे थेट डिंगेल यांच्या समितीकडे नेऊन दिले. चौकशीत आणखी भयंकर निघालं. काही कंपन्यांनी चाचणीसाठी स्वतःच्या गोळीऐवजी मूळ ब्रँडचीच गोळी आपली म्हणून पाठवली होती! अधिकारी तुरुंगात गेले, कंपन्या बुडाल्या आणि १९९२ मध्ये कायदा झाला. ते पान त्या कायद्याचं.

महाराष्ट्रातून अमेरिकेला जाणाऱ्या प्रत्येक जेनेरिक गोळीच्या कागदांत ते पान आहे. डिंगेल यांचं नाव त्यावर नाही, पण मला ते दिसतं.

शेंगदाणा_चटणी

औषधवाला, जबरदस्त माहिती. अख्ख्या धाग्यातला हा प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला. ते बीपीची गोळी हातात घेऊन ऐकत होते.

पेशीवाली

औषधवाला, हे मला खरंच माहीत नव्हतं. माझं इमानिशी-कारींबद्दलचं मत बदलत नाही, पण धन्यवाद. दोन्ही एकाच माणसाच्या हातून झालं हे पचवायला वेळ लागेल.

जुना_डेट्रॉईटकर

त्यांची पत्रं प्रसिद्ध होती. सरकारी खात्यांना लांबलचक प्रश्नांची पत्रं जायची, त्यांना 'डिंगेलग्राम' म्हणत. खात्यांत ते पाकीट आलं की धावपळ. १९८३ मध्ये विषारी कचरा साफ करण्याच्या निधीवरून पर्यावरण खात्याची चौकशी झाली, त्यात रिटा लावेल या अधिकारी तुरुंगात गेल्या. त्यांच्या समितीच्या खोलीत अंतराळातून घेतलेला पृथ्वीचा फोटो होता. समितीचं अधिकारक्षेत्र काय असं कोणी विचारलं की त्या फोटोकडे बोट दाखवायचे.

आणि कामकाजाच्या नियमांवर त्यांची मांड इतकी पक्की की म्हणायचे, कायद्याचा मजकूर तुम्ही लिहा, कार्यपद्धती मला लिहू द्या, दर वेळी मीच तुम्हाला चीतपट करीन. (मूळ शब्द जरा तिखट होता.)

राजाभाऊ

काका, मग त्याच मांडीचा उपयोग त्यांनी हवेच्या बाबतीत कसा केला तेही सांगा. गाड्यांच्या धुराचे नियम कडक होऊ नयेत म्हणून १९८० चं सगळं दशक ते कॅलिफोर्नियाच्या हेन्री वॅक्समनशी भांडत राहिले. पक्ष एकच, समिती एकच. डेट्रॉईटच्या कंपन्यांचा माणूस म्हणूनच त्यांना ओळखायचे. नोव्हेंबर २००८ मध्ये वॅक्समननी १३७ विरुद्ध १२२ मतांनी त्यांचं समितीप्रमुखपद काढून घेतलं, ते उगीच नाही. स्वतःच्याच पक्षाला वाटलं की हा माणूस आता हवामानाच्या कायद्याला आड येतोय.

शिवाय बंदूकवाल्यांच्या संघटनेच्या संचालक मंडळावर होते. १९९४ मध्ये सोडलं, पण तोवर होतेच.

जुना_डेट्रॉईटकर

राजाभाऊ, तुमचं बरोबर आहे आणि तरी मला त्यांची बाजू कळते.

१९८० ते ८२ ही वर्षं ज्यांनी डेट्रॉईटमध्ये काढली त्यांना विचारा. माझ्या गल्लीत एका हिवाळ्यात चार घरांसमोर विक्रीच्या पाट्या लागल्या. आमच्या विभागातले चाळीस जण एका शुक्रवारी दुपारी खोकी घेऊन बाहेर पडले. माझं नाव त्या यादीत नव्हतं, का नव्हतं ते मला आजही ठाऊक नाही. सोमवारी मी रिकाम्या टेबलांच्या मधून चालत माझ्या जागेवर गेलो. त्या माणसांचा खासदार होता तो. त्याने त्यांच्यासाठी भांडायचं नाही तर कोणी भांडायचं?

पण माझ्या नातीला दमा आहे. म्हणून धूर कमी झाला हेही मला हवंच होतं. शेवटी १९९० चा स्वच्छ हवेचा कायदा डिंगेल आणि वॅक्समन यांनी एकत्र बसून जमवला आणि प्रतिनिधीगृहात चारशेहून जास्त मतांनी मंजूर झाला. एवढी मतं का पडली? कारण ज्याची अडचण होती तोच तडजोडीत सामील होता. डिंगेल यांनी शब्द दिला की मोटारवाल्यांना पळवाट राहत नसे. हे वजन एका दिवसात येत नाही हो.

टिटवी

पर्यावरणाचं एवढंच चित्र अपुरं आहे. १९७३ चा संकटग्रस्त प्रजातींचा कायदा प्रतिनिधीगृहात डिंगेल यांनीच आणला. त्याआधीचा राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदाही. गरुड, लांडगा, अस्वल यांना अमेरिकेत जे कायद्याचं कवच मिळालं त्यात त्यांचा हात आहे. शिकारी होते, बदकांची शिकार करायचे, आणि पाणथळी गेल्या तर बदकं जातील हे त्यांना लहानपणापासून दिसत होतं. १९६० च्या हिवाळ्यात डेट्रॉईट नदीवर तेलात माखून हजारो बदकं मेली होती, हे विसरू नका.

मागच्या वर्षी आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिला ट्रेंटनच्या डेट्रॉईट रिव्हर आंतरराष्ट्रीय अभयारण्यात नेलं. २००१ मध्ये डिंगेल यांनी मांडलेल्या कायद्याने ते झालं, अमेरिका आणि कॅनडा दोन्ही काठ मिळून. तिथलं केंद्र त्यांच्या नावाचं आहे. ज्या जमिनीवर ते उभं आहे तिथे पूर्वी क्रायस्लरचा कारखाना होता. शेजारी हंबग मार्श, नदीच्या अमेरिकन मुख्य काठावरचा बांधकाम न झालेला शेवटचा मैलभर तुकडा.

आई लाकडी धक्क्यावर उभी होती. पलीकडे धुराडी दिसत होती, अलीकडे वेतासारखी उंच गवतं, आणि मधे एक मोठा राखी बगळा अगदी स्तब्ध. आई हळूच म्हणाली, "आपल्या कास तलावाकाठी पण असाच उभा असतो गं." पंधरा मिनिटं आम्ही हललो नाही. तोही नाही. मग त्याने एकदम मान खाली घातली आणि चोचीत मासा. आईने टाळी वाजवली, तसा उडाला.

शेंगदाणा_चटणी

फोटो टाका की!

टिटवी

टाळीमुळे फोटोत फक्त पाणी आलंय. पण टाकते :)

मास्तर

उशिरा आलो, सगळं वाचून काढलं. मी राज्यशास्त्र शिकवत असे. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मिशिगननेच याचा प्रयोग करून पाहिलेला आहे.

१९९२ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी कौल दिला की राज्याच्या कनिष्ठ सभागृहात सहा वर्षं आणि वरिष्ठ सभागृहात आठ वर्षं, त्यापुढे नाही. केंद्रातल्या खासदारांवरही मर्यादा घातली होती. ती लागू राहिली असती तर डिंगेल २००० च्या आधीच घरी गेले असते. पण १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यांना केंद्रातल्या खासदारांवर अशी मर्यादा घालता येणार नाही, त्यासाठी घटनाच बदलावी लागेल. म्हणून एकाच राज्यात दोन टोकं एकाच वेळी नांदली. राजधानी लान्सिंगमध्ये सहा वर्षांत घरी जाणारे आमदार, आणि वॉशिंग्टनमध्ये डिंगेल.

काय झालं लान्सिंगला? आमदाराला अर्थसंकल्प वाचायला यायला लागेपर्यंत त्याची निघायची वेळ व्हायची. मग खरी माहिती कोणाकडे? जे वर्षानुवर्षं तिथेच असतात त्यांच्याकडे, म्हणजे कंपन्यांच्या मध्यस्थांकडे. शेवटी २०२२ मध्ये लोकांनीच तो नियम बदलला, दोन्ही सभागृहं मिळून बारा वर्षं केली.

तेव्हा राजाभाऊ, माणूस हटवला की सत्ता लोकांकडे येते असं नाही. ती दुसऱ्या खोलीत जाते. पण पेशीवालीचा मुद्दा मी राखून ठेवतो. खासदार किती वर्षं असावा ते मतदारांनी ठरवावं. समितीप्रमुख किती वर्षं असावा यावर मात्र मर्यादा हवी.

राजाभाऊ

मास्तर, शेवटचं वाक्य मान्य. पूर्ण मान्य. घराणेशाहीवरचा माझा आक्षेप कायम आहे.

गावकरी

विषयांतर: त्या भागातूनच श्री ठाणेदार निवडून आलेत ना? बेळगावचे, आपल्या मराठीतले.

जुना_डेट्रॉईटकर

हो, जानेवारी २०२३ पासून खासदार. बरंचसं डेट्रॉईट आणि डाऊनरिव्हरचा काही भाग त्यांच्याकडे आहे. म्हणजे डिंगेल जिथे मतं मागत फिरले त्यातल्या काही गल्ल्यांचा खासदार बेळगावात वाढलेला माणूस आहे. १९७८ ला तळघरात आरती म्हणताना कोणी हे सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. त्यांच्या राजकारणावर वेगळा धागा काढा, इथे नको.

स्वरूपा

ट्विटरबद्दल कोणीच बोललं नाही? नव्वदीच्या घरात लाखो लोक त्यांचं लिखाण वाचायचे. एकदा लिहिलं होतं की कार्यालयातल्या मुलांनी कार्दाशियन म्हणजे काय ते मला समजावलं, आता प्रश्न आणखीच वाढलेत. माझा भाचा अमेरिकन राजकारणातलं एकच नाव ओळखायचा, आणि ते म्हणजे हे आजोबा!

निळावंती

वाचनमात्र असते, आज लिहिते. ६ ऑगस्ट २००९ ला रोम्युलसला आरोग्य विधेयकावर सभा झाली, तिथे मी होते. मी तेव्हा परिचारिका म्हणून काम करत होते.

खोली खच्चून भरलेली, बाहेरही माणसं. डिंगेल ८३ वर्षांचे, आधार घेऊन चालत आले. त्यांनी तोंड उघडलं की आरडाओरडा. एक वडील आपल्या अपंग मुलाला चाकांच्या खुर्चीतून अगदी पुढे घेऊन आले. या कायद्यात माझ्या मुलाला उपचार मिळणार नाहीत असं त्यांना सांगितलं गेलं होतं आणि ते संतापाने थरथरत होते. डिंगेल म्हणत राहिले की तसं नाही, त्याला मिळेल. ऐकूच जात नव्हतं.

मला राग कोणाचाच आला नाही. त्या बापाची भीती खरी होती, मी वॉर्डात ती रोज बघायचे. आणि समोरचा म्हातारा माणूस वडिलांचं काम पुरं करायला उभा होता. दोघंही कोणासाठी तरीच उभे होते. त्यानंतर आठ महिन्यांनी कायदा झाला. आमच्याकडे आधीच्या आजारामुळे विमा नाकारलेले रुग्ण यायचे, गाठ वाढेपर्यंत घरी बसलेले. २०१४ नंतर ते यायचं कमी झालं. एवढंच मला सांगायचं होतं.

गावकरी

निळावंतीताई, लिहीत जा.

आडवाट

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. निळावंती, तुमचा तीनदा.

पेशीवाली आणि मास्तर यांच्यामुळे माझं मत थोडं हललं. बसून राहणं वेगळं आणि अध्यक्षाच्या खुर्चीत बसून राहणं वेगळं, हा फरक मी धागा काढताना केला नव्हता. राजाभाऊ, घराण्याबद्दल तुमचं म्हणणं माझ्या पोटात सलतं, उत्तर नाही माझ्याकडे. डेबी डिंगेलना मी मत दिलंय, त्यांचं काम पाहून दिलंय, पण आडनाव वेगळं असतं तर त्या तिथे पोचल्या असत्या का, हा प्रश्न उरतोच.

एक गोष्ट राहिली. डिंगेल ७ फेब्रुवारी २०१९ ला डिअरबॉर्नमध्ये घरीच गेले. कर्करोग होता. शेवटच्या दिवशी त्यांनी डेबींना मजकूर सांगितला, त्यांनी तो लिहून घेतला, दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टन पोस्टने तो प्रसिद्ध केला. त्यात एक जागा आहे: एखाद्याकडे "सत्ता आहे" असं कोणी म्हटलं की त्यांना त्रास व्हायचा. निवडून आलेल्या माणसाकडे सत्ता नसते, लोकांनी ती त्याच्याकडे ठेवायला दिलेली असते, असं ते म्हणत. ती सकाळ मला आठवते. बाहेर बर्फ होतं, मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं, चहा निवून गेला.

टिटवी, सप्टेंबरच्या मध्यात लेक इरी मेट्रोपार्कला या. नदीच्या मुखाशी शिकारी पक्षी दक्षिणेला निघतात, एखाद्या चांगल्या दिवशी हजारोंनी घिरट्या घालत वर चढतात. आईंना पुन्हा बोलावणार असाल तर तेव्हाच बोलवा.

टिटवी

बोलावते! टाळ्या वाजवायला तिथे हरकत नाही ना?

आडवाट

ते फार उंचावर असतात. खुशाल वाजवू द्या.